इथिओपिया लढला नाही, हे धादांत खोटं आहे

'राष्ट्रसंघ का बुडाला' हा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय. राष्ट्रसंघ म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर देशांमधली भांडणं चर्चेने मिटवायला उभी राहिलेली 'लीग ऑफ नेशन्स', आजच्या संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संस्था. माझ्या भाचीने तो वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात जसाच्या तसा उतरवला, म्हणून आता गप्प बसवत नाही. त्यात चार दावे आहेत: अमेरिका नव्हती म्हणून संघ दुबळा राहिला, संघाने एकही भांडण मिटवलं नाही, भारताचा त्याच्याशी संबंध नव्हता, आणि १९३५ साली इथिओपिया लढलाच नाही, सम्राट पळाला, मग जग काय करणार?

शेवटचा दावा आधी घेते. तो मेलेल्यांची बदनामी करतो.

इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी याचं सैन्य ३ ऑक्टोबर १९३५ला इथिओपियात घुसलं आणि राजधानी अदिस अबाबा पडली ५ मे १९३६ला. मधले सात महिने तो देश लढत होता. मार्चअखेरीस मायचेवच्या लढाईत सम्राट हाइले सेलासी स्वतः रणांगणात होता. देश सोडल्यावर ३० जूनला जिनिव्हात संघापुढे त्याने जे सांगितलं, ते भाषण एकदा तरी वाचा. विमानांना फवारणीची यंत्रं बसवलेली. नऊ, पंधरा, अठरा विमानं एकामागोमाग एक अशी यायची, की विषारी धुक्याचा पडदा मध्ये कुठे तुटू नये. सैनिक, बायका, पोरं, गुरं, नद्या, तळी, कुरणं, कशालाच सोडलं नाही. विषारी वायूवर बंदी घालणाऱ्या १९२५च्या करारावर इटलीची सही होती. आणि सम्राट बोलायला उभा राहिला, तेव्हा तिथल्या इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या मारल्या.

संघाने निर्बंध घातले, पण यादीत तेल, कोळसा, पोलाद नव्हतंच. इटलीचं सैन्य आणि रसद ज्या सुएझ कालव्यातून जात होती तो उघडा राहिला, आणि कालव्यावर सैन्य होतं ब्रिटिशांचं. डिसेंबरात ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री होर आणि फ्रान्सचे लाव्हाल यांनी इथिओपियाचा मोठा मुलूख इटलीला देण्याचा गुप्त बेत आखला. वृत्तपत्रांनी तो फोडला. हिटलरविरुद्ध मुसोलिनी आपल्या बाजूला राहावा, एवढ्यासाठी हे सगळं. पुढे मुसोलिनी हिटलरला म्हणाला, की तेल बंद केलं असतं तर आठवड्याभरात माघार घ्यावी लागली असती. हिटलरचा दुभाष्या पॉल श्मिट याने हे नोंदवून ठेवलंय.

अमेरिकेचा मुद्दा अर्धा मान्य. संघाची सनद ज्यात होती तो व्हर्सायचा तह अमेरिकेच्या सिनेटने फेटाळला, त्यामुळे संघाचं बळ घटलं, आणि संघाने तेल रोखलं तरी अमेरिकन कंपन्या विकतील ही धास्तीही खोटी नव्हती. पण सुएझ बंद करायला वॉशिंग्टनला विचारावं लागत नव्हतं.

एकही भांडण मिटवलं नाही? १९२१मध्ये आलांड बेटांवरून स्वीडन-फिनलंडचा वाद संघानेच सोडवला. १९२५मध्ये बल्गेरियात घुसलेल्या ग्रीसला मागे फिरायला लावून भरपाई द्यायला लावली. छोट्या देशांना ऐकावं लागायचं, बड्यांना नाही, हा खरा रोग. जपानने चीनचा मंचुरिया बळकावला, त्याची चौकशी करणाऱ्या संघाच्या लिटन आयोगाचा अहवाल १९३३मध्ये ४२ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाला. जपानचं शिष्टमंडळ सभागृहातून उठून गेलं आणि मंचुरिया जपानकडेच राहिला.

राहिला भारत. तो संघाचा संस्थापक सदस्य होता, आणि १९३७मध्ये आगाखान महासभेचे अध्यक्ष झाले. प्रतिनिधी मात्र इंग्रज सरकारच्या मर्जीने जायचे, त्यामुळे भारताचं मत म्हणून तिथे मोजलं जायचं ते लंडनचंच.