तुझं डिपार्टमेंट कुठलं?

आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा वाद पेटला. निमित्त नव्या शैक्षणिक धोरणातल्या मेजर-मायनरचं, म्हणजे एका मुख्य विषयाच्या जोडीला दुसरा दुय्यम विषय शिकण्याचं. गावाकडे प्राध्यापक असलेल्या मित्राने एका ओळीत निकाल लावला: 'एक ना धड, भाराभर चिंध्या.' खाली सतरा अंगठे. मी तेव्हा मँचेस्टरला ऑक्सफर्ड रोडवर १४२ नंबरच्या बसमध्ये उभा होतो. पुढचे तीन स्टॉप मनातल्या मनात भांडत होतो.

अरे, चिंध्या कुठल्या? याच मँचेस्टरमधल्या गटाच्या पुढाकाराने यीस्टची २७५ टीआरएनए जनुकं (प्रथिनं बांधायला अमिनो आम्लं आणून देणाऱ्या रेणूंची) उचलून एका नव्या, घडवलेल्या गुणसूत्रावर मांडली. २०२३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. एकट्या जीवशास्त्र विभागाचं काम आहे का हे? माझ्याच लॅबमधलं सांगतो. रोबोटने भरलेल्या प्लेटच्या एका बाजूचं यीस्ट वाढेना. तीन आठवडे आम्ही जनुकांत दोष हुडकत बसलो. शेवटी एका मेकॅनिकलवाल्या पोराने इनक्युबेटर उघडला, आत हात घातला आणि म्हणाला, 'पंखा या बाजूला आहे, खणांतलं पाणी उडतंय.' झालं. त्याला यीस्टची जीवनकथा विचारली तर ततपप.

आणि शास्त्रज्ञ हरगोविंद खोराना? लाहोरला रसायन शिकले, इथून तासाभरावरच्या लिव्हरपूलमध्ये १९४८ साली पीएच.डी. केली. १९४९ मध्ये भारतात परतले तर नोकरीच मिळेना, म्हणून केंब्रिज. पुढे रसायनवाल्या या माणसाला १९६८ चं नोबेल मिळालं ते वैद्यकशास्त्राचं, आणि १९७० मध्ये त्यांच्या गटाने अख्खं जनुक रसायनांतून जुळवलं. हे सगळं ग्रुपवर टाकलं. उत्तर आलं, 'तू खोराना आहेस का?'

नाही. मी जीवरसायनाचा एम.एस्सी., पीएच.डी. संगणकीय, आणि दोन वर्षांपूर्वी आपल्याकडच्या एका संस्थेने माझा अर्ज मुलाखतीआधीच बाजूला ठेवला: 'पदवी संबंधित विषयाची नाही.' हे ग्रुपवर कुणाला ठाऊक नाही. सतरा अंगठ्यांचा राग मुळात तिथला. इथलंही काही फार गोड नाही म्हणा. ग्रँट संपली की मी संपलो, अकरा महिने उरलेत, आणि पर्मनंट जागेच्या जाहिराती इथेही कुठल्यातरी एका विभागाच्याच असतात. पण ते मी ग्रुपवर कशाला लिहू?

काल त्याच मित्राचा फोन. डिसेंबरात येतोयस तर आमच्या पोरांना एक व्याख्यान दे. मी विचारलं, 'कुठल्या विभागातर्फे?'

'ते बघू रे, प्राचार्यांचं चाललंय.'

रात्री पोस्टर आलं. विभागाची जागा कोरी, विषय बारीक अक्षरांत, माझं नाव त्याहून थोडं मोठं आणि 'मँचेस्टर' पानभर. मी अंगठा दिला, आणि आईला फॉरवर्ड केलं.