‘सहा महिने थांबा, चलान आपोआप रद्द होतं’ हा मेसेज कृपया पुढे पाठवू नका

आमच्या घरच्या ग्रुपवर परवा आलेला मेसेज तुमच्याकडेही आला असेल. सुरुवातीला ‘वाहनचालकांनो, जागे व्हा’, शेवटी ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा’. मधे सहा दावे. ई-चलान सहा महिन्यांनी आपोआप रद्द होतं. पंधरा दिवसांत एसएमएस आला नाही तर दंड भरायची गरज नाही. हेल्मेटची पावती एकदा फाडली की चोवीस तास पुन्हा दंड नाही. कोर्टाची नोटीस मोबाईलवर आली तर ती खोटीच. लोकअदालतीत सगळी चलानं निम्म्यात किंवा पूर्ण माफ होतात, त्यासाठी खालच्या लिंकवरून टोकन घ्या. आणि पोलिसाला गाडीची चावी काढता येत नाही.

असल्या मेसेजना मी एरवी उत्तर देत नाही. या वेळी देतेय, कारण माझ्या थोरल्या काकांनी तो खरा मानला. काकांचा ‘छोटा हत्ती’ टेम्पो आहे, त्यावर ते माल पोहोचवतात. दंडाचे पैसे त्यांनी बाजूला काढून ठेवले होते. मेसेज वाचल्यावर ते पैसे टायरमध्ये गेले आणि वर चुलतभावालाही सल्ला मिळाला, ‘तूही भरू नकोस, गप्प बस.’ काकांचं चलान लाल सिग्नल तोडल्याचं आहे. हा तपशील लक्षात ठेवा, कारण सहा महिन्यांचा दावा नेमका तिथेच आपटतो.

तर पहिला दावा. यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५१४ सांगतं की ठराविक मुदत उलटून गेल्यावर न्यायालयाला गुन्ह्याची दखल घेता येत नाही. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाची शिक्षा आहे त्याला मुदत सहा महिने. एक वर्षापर्यंत कैद होऊ शकत असेल तर एक वर्ष. एक ते तीन वर्षांपर्यंत कैद असेल तर तीन वर्षं. १ जुलै २०२४ पूर्वीच्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम ४६८ मध्ये होतं आणि मुदतीही याच होत्या. मेसेज लिहिणाऱ्याने यातला पहिला आकडा उचलला आणि बाकीचं कलम सोडून दिलं.

सोडून काय दिलं ते बघा. मुदत मोजायची ती प्रकरण न्यायालयात कधी दाखल झालं यावरून. चलान झाल्यावर तिसऱ्या महिन्यात पोलिसांनी प्रकरण न्यायालयात पाठवलं असेल, तर पुढे ते दोन वर्षं पडून राहिलं तरी मुदतीचा प्रश्न येत नाही. तुम्ही घरी बसून महिने मोजत असता आणि तिकडे तुमच्या नावावर केस नंबर पडलेला असतो.

दुसरी गोष्ट, सगळे गुन्हे ‘फक्त दंडाचे’ नाहीत. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, ती त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून लागू झाली. तिने धोकादायक वाहन चालवण्याच्या कलम १८४ मध्ये लाल सिग्नल तोडणं, थांबण्याची खूण न पाळणं, गाडी चालवताना हातात मोबाईल धरणं आणि वाहतुकीच्या दिशेविरुद्ध गाडी घालणं स्पष्ट नावानिशी आणलं. या कलमाखाली पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे कलम १८४ लागलं की मुदत सहा महिन्यांची राहतच नाही, ती वर्षाची होते. तीन वर्षांच्या आत तोच गुन्हा पुन्हा केला तर शिक्षा दोन वर्षांपर्यंत जाते आणि मुदत तीन वर्षांची होते. म्हणून चलानावर कोणतं कलम टाकलंय ते आधी वाचायचं असतं. काकांनी ते वाचलेलं नव्हतं, आणि ज्याने त्यांना मेसेज पाठवला त्यानेही नाही.

तिसरी गोष्ट नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम ५१९ मध्ये आहे. उशीर का झाला याचं समाधानकारक कारण दिलं गेलं, किंवा न्यायाच्या दृष्टीने गरजेचं वाटलं, तर मुदत संपल्यावरही न्यायालय दखल घेऊ शकतं. तेव्हा ‘आपोआप’ हा शब्द कुठेच बसत नाही. मुदत उलटली की नाही हे न्यायालय ठरवतं. पोलिसांच्या संकेतस्थळावरचं चलान तुमच्या कॅलेंडरकडे बघून पुसलं जात नाही. ते ‘बाकी’ म्हणून उभं राहतं, आणि गाडी विकायची, दुसऱ्याच्या नावावर करायची वेळ आली की आरटीओत आडवं येतं. ज्याचं पोट गाडीवर आहे त्याला याची किंमत दंडापेक्षा जास्त पडते.

मग आपलं चलान नक्की कुठे आहे हे कळणार कसं? मेसेज यावर काहीच बोलत नाही आणि खरी गरज याचीच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी पोलिसांकडची नोंद बघायची. महाराष्ट्रात त्यासाठी महाट्रॅफिक ई-चलानचं सरकारी संकेतस्थळ आणि महाट्रॅफिक अ‍ॅप आहे, देशपातळीवर परिवहन खात्याचं ई-चलान संकेतस्थळ आहे. गाडीचा नंबर आणि चॅसी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे अंक टाकले की चलानं दिसतात. चलानासोबत फोटो असेल तर तो उघडून बघाच. गाडी आपलीच आहे ना, रंग आणि प्रकार जुळतो ना. दुसऱ्याच्या गाडीवर आपला नंबर लावलेला निघतो, नंबरातला एखादा अंक चुकीचा वाचला जातो. असं असेल तर तिथेच तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. चूक आपली असेल तर तिथेच भरा. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० मध्ये बसणाऱ्या गुन्ह्यांत तडजोड शुल्क (खटल्याऐवजी भरायची रक्कम) भरलं की त्या गुन्ह्यापुरता खटला पुढे चालत नाही.

चलान न्यायालयात पाठवल्याचं दिसत असेल तर पोलिसांच्या संकेतस्थळावर पैसे भरायचा मार्ग बहुधा बंद झालेला असतो. तेव्हा व्हर्च्युअल कोर्टाच्या (ऑनलाइन चालणाऱ्या न्यायालयाच्या) सरकारी संकेतस्थळावर जायचं आणि विभाग निवडून गाडी क्रमांक, चलान क्रमांक, मोबाईल नंबर किंवा नावाने शोधायचं. महाराष्ट्रातलं असं पहिलं न्यायालय नागपूर जिल्ह्यात काटोलला ३१ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालं, आणि तेही वाहतुकीच्याच प्रकरणांसाठी. तिथे न्यायाधीश प्रकरण बघून दंड ठरवतात आणि आपल्यासमोर दोन पर्याय येतात: दंड मान्य करून भरायचा, किंवा ‘मला लढायचं आहे’ असं सांगायचं. लढायचं म्हटलं की प्रकरण जिथे गुन्हा घडला त्या हद्दीतल्या नेहमीच्या न्यायालयात जातं. आपण राहतो तिथल्या नाही. कोल्हापूरच्या माणसाने ठाण्यात सिग्नल तोडला असेल तर तारखेला ठाण्यात जायची तयारी हवी.

नेहमीच्या न्यायालयातलं प्रकरण ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर सापडतं. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरांकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो हाताशी असेल तर काम सोपं. नसेल तर जिल्हा, न्यायालय संकुल आणि पक्षकाराचं नाव घालून शोधा. नाव आरसी बुकावर जसं आहे तसंच घाला, कारण घरातले लोक रोजच्या वापरातलं नाव घालतात आणि ‘काहीच नाही’ म्हणून खूश होतात. पुढची तारीख, प्रलंबित आहे की निकाली, सगळं तिथे दिसतं. एवढं फुकट उपलब्ध असताना एजंटला पैसे देऊन ‘कोर्टातलं बघून घ्या’ म्हणणं मला पटत नाही.

आता दुसरा दावा, पंधरा दिवसांचा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये नियम १६७अ आला. कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत पाठवावी असं त्यात आहे, हे खरं. पण सूचना उशिरा आली तर चलान रद्द, असं त्या नियमात लिहिलेलं नाही. उशीर झाला असेल तर चलानाला आव्हान देताना तो मुद्दा जरूर मांडा. न मांडता गप्प बसून काही मिळणार नाही. शिवाय एसएमएस न येण्याचं कारण पुष्कळदा आपल्याच बाजूला असतं: गाडी घेताना दिलेला मोबाईल नंबर कधीच बंद झालेला असतो. आरटीओच्या नोंदीत नंबर बदलून घ्या, ऑनलाइन होतं.

तिसरा दावा वाचून माझा संयम सुटला. हेल्मेटची पावती फाडली की चोवीस तास मोकळं? मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ड तीन-चार ओळींचं आहे. हेल्मेटचा नियम मोडला तर १००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्ससाठी अपात्र. चोवीस तास सोडाच, त्यात दिवसाचाही उल्लेख नाही. काहीजण राज्यघटनेच्या कलम २० चा आधार देतात, एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा नाही म्हणून. अहो, सकाळी विनाहेल्मेट निघालात तो एक गुन्हा, संध्याकाळी पुन्हा निघालात तो दुसरा. आणि समजा, एखाद्या हवालदाराने सकाळची पावती बघून सोडलंही. तरी डोकं उघडंच आहे ना? एकोणीस-वीस वर्षांची पोरं हे वाचतात आणि पावती खिशात घालून हायवेवर जातात. या एका ओळीसाठी तरी मेसेज पुढे पाठवणाऱ्याने तो मागे घ्यावा.

चौथा, मोबाईलवर आलेली कोर्टाची नोटीस खोटीच असते हा. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवरच्या नोटिशींबद्दल बजावलं आहे, पण ते पोलिसांनी चौकशीला हजर राहण्यासाठी काढलेल्या नोटिशींबद्दल. न्यायालयाच्या समन्सची गोष्ट वेगळी. नव्या संहितेने इलेक्ट्रॉनिक समन्सला जागा दिली आहे, त्यावर न्यायालयाच्या शिक्क्याची प्रतिमा किंवा डिजिटल सही लागते. मेसेज आला की त्यातल्या लिंकवर बोट लावू नका आणि तो पुसूनही टाकू नका. वर सांगितलेल्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः जाऊन केस आहे का ते बघा.

लिंकवरून पाचव्या दाव्याकडे येते. सगळ्यात घातक हाच.

लोकअदालत खरी आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ खाली ती चालते, राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून काही वेळा देशभर भरते, आणि वाहतुकीची प्रकरणंही तिथे तडजोडीला येऊ शकतात. रक्कम कमी होऊ शकते, हेही नाखुशीने का होईना मान्य. पण तडजोड म्हणजे दोन्ही बाजूंची संमती. सरसकट निम्मा दंड हा कुणाचा हक्क नाही. मग हा ‘निम्म्याचा’ आकडा येतो कुठून? तेलंगणात २०२२ च्या मार्चमध्ये मोठी सवलत दिली होती, दुचाकींना तर ७५ टक्के. कर्नाटकात फेब्रुवारी २०२३ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२५ पासून काही आठवडे ५० टक्के होती. हे त्या त्या राज्य सरकारांचे, ठराविक मुदतीचे निर्णय. त्या बातम्यांची कात्रणं मराठी मजकुराखाली चिकटवली म्हणून एमएच पासिंगच्या गाडीला ती सवलत लागू होत नाही. आणखी एक, लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. चलान मुळातच चुकीचं असेल तर तिथे सही करण्यापूर्वी विचार करा.

आणि ते टोकन. काकूंनी ती लिंक उघडली होती. फोनने ‘आरटीओ चलान’ नावाची एपीके फाईल (फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाईल) उतरवायची परवानगी मागितली आणि सुदैवाने त्यांनी नातवाला हाक मारली. चलानाच्या नावाने फिरणाऱ्या अशा फाईली फोनमधले एसएमएस वाचण्याची परवानगी घेतात. बँकेचा ओटीपी एसएमएसनेच येतो, पुढचं सांगायला नको. लोकअदालतीत प्रकरण ठेवायला फी लागत नाही. माहिती हवी असेल तर न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं किंवा तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, आणि १५१०० हा विधी साहाय्याचा फोन नंबर आहे. वर सांगितलेल्या सरकारी संकेतस्थळांचा पत्ता ‘डॉट गव्ह डॉट इन’ने (.gov.in) संपतो. तो तसा नसेल तर पुढे जाऊ नका, आणि सरकारी अ‍ॅप असेल तर ते फोनच्या अधिकृत अ‍ॅप स्टोअरमधूनच घ्या. फाईल उतरवून बसला असाल तर फोनचं इंटरनेट लगेच बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० वर तक्रार करा. उद्यावर टाकू नका, पैसे अडवायचे तर पहिले काही तासच हातात असतात.

राहिली चावी. हा एक दावा बरोबर आहे. चालत्या-थांबत्या गाडीची चावी हिसकावून घ्यायची तरतूद मोटार वाहन कायद्यात नाही. मात्र त्यावरून ‘पोलीस गाडीला हातच लावू शकत नाहीत’ असा अर्थ काढू नका. लायसन्स, नोंदणी किंवा लागणारं परमिट नसेल तर कलम २०७ खाली गाडी ताब्यात घेता येते. कुणी खरंच चावी काढून घेतली, तर रस्त्यावर झटापट करू नका. त्यांचा बक्कल नंबर, जागा आणि वेळ लिहून घ्या आणि वाहतूक शाखेच्या वरिष्ठांकडे लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्या.