एकाही सैनिकाचं नाव का नाही? : गेटिसबर्गच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

अमेरिकेतल्या यादवी युद्धात, उत्तरेची राज्यं आणि फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं लढत असताना, राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकनने गेटिसबर्गला मेलेल्या सैनिकांच्या नव्या दफनभूमीत छोटं भाषण केलं. त्यावरचा माझा लेख तुम्हाला पटला नाही आणि तुम्ही तसं स्पष्ट लिहिलंत. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: त्या भाषणात एकाही सैनिकाचं नाव नाही. युद्ध गुलामगिरीवरून पेटलेलं असताना ‘गुलामगिरी’ हा शब्द नाही. आणि मेलेल्यांच्या नावावर आणखी माणसं रणात धाडण्याची ती सोय होती. तुमचे काका सैन्यात असताना गेले. दरवर्षी गावच्या स्मारकापाशी पाहुणे तासभर स्वतःविषयीच बोलतात आणि काकू पुढच्या खुर्चीत बसून ऐकत राहतात, हेही तुम्ही लिहिलंत. म्हणून दोन ओळीत ‘मताचा आदर आहे’ म्हणून सोडून देणं मला जमणार नाही.

आधी माझी चूक. लिंकनने हे भाषण आगगाडीत बसून एका पाकिटावर खरडलं, असं मी लिहिलं होतं. ती दंतकथा आहे. त्याच्या हातचा जो मसुदा आज जपून ठेवलाय, त्याचं पहिलं पान राष्ट्राध्यक्षांच्या निवासाच्या छापील कागदावर आहे, शाईने नीट लिहिलेलं. तो परिच्छेद मी काढून टाकलाय.

आता नावांचं. १९ नोव्हेंबर १८६३ रोजी त्या दफनभूमीत काय चाललं होतं ते बघा. गेटिसबर्गची लढाई त्याच वर्षीच्या १ ते ३ जुलैची. दोन्ही बाजूंचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून आकडा पन्नास हजारांच्या घरात. पावसाळी चिखलात, शेतात, कुंपणाकडेला घाईघाईने पुरलेले देह ऑक्टोबरच्या अखेरीपासून उकरून नव्या जागी हलवले जात होते. एका देहामागे १ डॉलर ५९ सेंट असा ठेका गेला होता, सगळ्यांत कमी बोलीचा. प्रत्यक्ष उकरण्याचं काम बेसिल बिग्ज या कृष्णवर्णीय शेतकऱ्याच्या हाताखालच्या माणसांनी केलं. सॅम्युएल वीव्हर नावाचा देखरेख करणारा लोखंडी आकडा घेऊन शेजारी उभा राहायचा, खिसे चाचपायचा, पत्र किंवा वही सापडते का पाहायचा. कपड्यांवरून हा उत्तरेचा की दक्षिणेचा ते ठरायचं, कारण दक्षिणेच्या सैनिकांना त्या दफनभूमीत जागा नव्हती. लिंकन बोलायला उभा राहिला तेव्हा हे काम निम्मंही झालेलं नव्हतं. पुढे मार्चमध्ये ते संपलं आणि नऊशेहून अधिक देह अनोळखीच राहिले.

त्या मातीवर उभं राहून कुणाचं नाव घ्यायचं? ज्याच्या खिशात चिठ्ठी सापडली त्याचं? नावं घेणारा वक्ता त्या दिवशी होताच. त्या दिवसाचा मुख्य वक्ता एडवर्ड एव्हरेट लिंकनच्या आधी दोन तास बोलला. अथेन्समधल्या अंत्यविधीच्या प्रथेपासून सुरुवात करून तिन्ही दिवसांची लढाई, सेनापतींची नावं, सगळं त्याने सांगितलं. भाषण तयारीचं होतं, वाईट मुळीच नव्हतं. पण त्यात नावं आली ती बहुतेक मोठ्या अधिकाऱ्यांची. दफनभूमीची आखणी मात्र वेगळी होती: राज्यवार अर्धवर्तुळं, आणि अधिकारी व साधा शिपाई एकाच ओळीत. लिंकनचं भाषण त्या आखणीशी जुळतं. त्यात सैनिकाचं नाव नाही, सेनापतीचं नाही, गावाचं नाही आणि ‘मी’ हा शब्दही एकदाही नाही. तुमच्या गावचे पाहुणे तासभर कुणाविषयी बोलतात हे तुम्हीच लिहिलंय, म्हणून या शेवटच्या गोष्टीकडे तुमचं लक्ष वेधतोय.

दुसऱ्या आक्षेपाशी मी जास्त वेळ थांबलो. शब्द नाही हे खरं. मूळ लेखात हे मी सांगायला हवं होतं. पण पहिलंच वाक्य सत्त्याऐंशी वर्षं मागे जातं. १८६३ मधून ८७ वजा करा, १७७६ येतं. ते स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं वर्ष, सर्व माणसं समान जन्मली असं म्हणणाऱ्या कागदाचं. राज्यघटना १७८७ ची, आणि तिने गुलामी पोटात घालून ठेवली होती: पळालेला गुलाम मालकाला परत द्यायचा, प्रतिनिधी ठरवताना पाच गुलामांची गणती तीन अशी करायची. लिंकनने देशाचा जन्म घटनेपासून न मोजता जाहीरनाम्यापासून मोजला. एवढ्या एका वजाबाकीत तो काय बोलला हे शिकागोच्या एका विरोधी वृत्तपत्राला लगेच कळलं. त्यांनी घटनेतली कलमं छापली आणि विचारलं की सैनिक ज्यासाठी मेले ते कारण त्यांच्याच थडग्यांवर उभं राहून हा माणूस खोटं कसं सांगतो? काळ्या माणसाला समान ठरवण्यासाठी ते मेले नाहीत, असा त्यांचा दावा होता. शब्द नव्हता, पण ज्यांना टोचायचं त्यांना नेमकं टोचलं. त्याच जुलैत न्यूयॉर्कमध्ये सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध दंगली झाल्या आणि जमावाने कृष्णवर्णीयांना ठार मारलं होतं, हेही विसरू नका.

‘आपल्याला त्याचं काय?’ असं तुम्ही ओघात विचारलंत. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. पुण्यात बसून त्यांनी ते युद्ध आपलं मानलं.

तिसरा आक्षेप मी खोडत नाही. हे भाषण लढाई थांबवा म्हणत नाही, काम अपुरं आहे म्हणतं. त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष माणसं मरत राहिली. तुमच्या घरातून माणूस गेलाय, माझ्या नाही. तेव्हा या मुद्द्यावर तुम्हाला शिकवायला मी जाणार नाही. फक्त ते मागणं कसं मागितलंय, तेवढं दाखवतो.

इंग्रजीत तिथे ‘डेडिकेट’ हे क्रियापद सहा वेळा येतं. मराठीत आपण ‘अर्पण’ म्हणतो आणि गोष्ट निसटते. आपल्याकडे याहून चांगला शब्द आहे: वाहणं. फूल वाहतो, तशी जमीन वाहायला लोक जमले होते. लिंकन म्हणतो, ही जमीन आपण वाहू शकत नाही, आपणच स्वतःला वाहून घ्यायचंय. तेच क्रियापद मातीवरून उचलून त्याने ऐकणाऱ्यांच्या अंगावर ठेवलं. सत्कार करायला आलेला माणूस म्हणतो, सत्कार करायचा अधिकार आपल्याकडे नाही.

शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलंय, लोकांनी लोकांसाठी चालवलेलं लोकांचं राज्य. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ती व्याख्या झाली. मुळात ती ब्याऐंशी शब्दांच्या एका वाक्याची शेपटी आहे, आणि त्या वाक्याचा शेवट ‘असं राज्य पृथ्वीवरून नाहीसं होऊ नये’ असा आहे. व्याख्येला भीती नसते, त्या वाक्यात ती भरून राहिलीय. इंग्रजीत बदलणारे छोटे शब्द आधी येतात आणि ‘लोक’ मागून तीनदा आदळतं. आपल्याकडे प्रत्यय मागून लागतात, त्यामुळे ‘लोक’ तीनदा पुढे उभं राहतं. मला आपलं रूप जास्त आवडतं, पण शेवटचं क्रियापद गाळून नाही.

काकूंसाठी भाषणाच्या मधली दोन वाक्यं मराठीत करून देतोय:

‘ही भूमी आपण वाहू शकत नाही, पावन करू शकत नाही, पवित्र करू शकत नाही. जे शूर इथे झुंजले, जिवंत आणि मेलेले, त्यांनी ती कधीच पावन केलीय; तीत भर घालण्याचं किंवा तिच्यातून काही उणं करण्याचं बळ आपल्या दुबळ्या हातांत नाही.’

त्यांना वाचून दाखवा. हीदेखील पुढाऱ्याचीच बोली आहे असं त्या म्हणाल्या, तर तसंच मला कळवा. त्यांचं म्हणणं लेखाच्या सुरुवातीला, माझ्या परिच्छेदाच्या वर छापीन.