पावनखिंडीला चारशे मुलं एकदम नेऊ नका

जुलै आला की कोल्हापूर, सांगली, पुण्याकडच्या शाळांमध्ये पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेची गडबड सुरू होते. या मोहिमेवर माझा फार जीव आहे. 1660 च्या आषाढात सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज ज्या मुलखातून निसटले, तो मुलूख त्याच महिन्यात, तसल्याच पावसात पायाखाली घालायचा. इतिहासाचा याहून चांगला तास मला माहीत नाही. मसाई पठारावर धुकं उतरलं की चार हातांवरचं माणूस दिसत नाही. तिथं मुलांना थांबवून एवढंच सांगायचं, की अशा चिखलातून सहाशे माणसं रात्रीची, पालखी घेऊन गेली. मुलं आपल्या पायांकडे बघतात. पुढे भाषण लागत नाही.

म्हणूनच कळकळीने सांगतो, दोनशे-चारशे मुलं एकदम नेणं शाळांनी बंद करावं.

कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडीकडे जाताना बऱ्याच ठिकाणी वाट एका माणसापुरतीच असते. एका बाजूला भाताचं खाचर, दुसऱ्या बाजूला ओढा. त्यात शंभर मुलं एकामागे एक लागली की पहिलं मूल मुक्कामी पोचल्यावर शेवटचं यायला पाऊण तास सहज जातो. तोवर पुढची मुलं टेकतात, गूळ-शेंगदाणे खातात, ताजीतवानी होतात. शेवटचं मूल धापा टाकत येतं आणि तेवढ्यात शिट्टी वाजते, "चला, उठा!" जो सगळ्यात दमलाय त्यालाच सगळ्यात कमी विसावा. दिवसभर हेच चालतं. संध्याकाळी ते पोर रडकुंडीला आलं की आम्ही शिक्षक म्हणतो, याला स्टॅमिना नाही. मला याचा मनापासून राग येतो.

पंचवीस-तीस मुलं असली की हळू चालणाऱ्याला पुढे घेता येतं. त्याच्या चालीने सगळे चालतात, आणि बॅकलीडला, म्हणजे रांगेच्या शेवटी, असलेल्या शिक्षकाला शेवटच्या मुलाचं नाव माहीत असतं. रात्री प्रत्येकाचे पाय बघून होतात. हे फार महत्त्वाचं आहे. दिवसभर ओल्या मोज्यात राहून तळवे पांढरेफटक पडतात, टाचेला फोड येतात आणि मुलं लाजेने सांगत नाहीत. पाय पुसून कोरडे करायचे, खोबरेल लावायचं, कोरडे मोजे घालून झोपवायचं. चारशे मुलांचे पाय कोण बघणार?

मुक्कामाचंही तसंच. करपेवाडी, आंबेवाडीसारख्या वाड्यांमध्ये तीस मुलं चार-पाच घरांत मावतात. चुलीभोवती मोजे वाळत पडलेले, घरातल्या मावशी तव्यावर नाचणीची भाकरी टाकतायत, आणि शहरातली पोरगी त्यांना विचारतेय, "मावशी, रोप लावताना पाठ नाही दुखत?" दिवसभर लावण करून आलेल्या त्या बाईने दिलेलं उत्तर तिला कुठल्याच पुस्तकात मिळणार नाही. मोठा जथा आला की मंडप येतो, केटररचा टेम्पो येतो, स्पीकर येतो. वाडीशी बोलणं होतच नाही. मागे राहतात ती प्लास्टिकची पाकिटं, पुढच्या पावसात ओढ्यात जाणारी.

मुख्याध्यापक म्हणतात, सगळ्यांना संधी मिळायला हवी. अगदी बरोबर. मग तुकड्या करा, वेगवेगळ्या शनिवार-रविवारी न्या. जमलं तर शुक्रवार जोडून तीन दिवस द्या. साधारण पन्नास किलोमीटरची वाट दोन दिवसांत उरकायचा अट्टहास बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी कशाला? प्रत्येक तुकडीबरोबर वाडीतला माहितगार घ्या, त्याला त्याचे पैसे द्या. ओढ्याला पाणी चढलं असेल आणि तो "थांबा" म्हणाला, तर थांबा. बस उशिरा निघाली तरी चालेल. खर्च थोडा वाढेल, शिक्षकांचे सुट्टीचे वार जातील, हे मी नाकारत नाही. पण स्नेहसंमेलनाच्या मंडपासाठी आपण पैसे उभे करतोच की.

पालकांनो, संमतीपत्रावर सही करण्याआधी शाळेत जाऊन विचारा: एका तुकडीत मुलं किती, सगळ्यात शेवटी कोण चालणार आणि रात्री पाय कोण बघणार. उत्तर मिळेपर्यंत सही करू नका.