2840 मीटरवरचा उपास

हॉटेल बुक करताना प्रश्न आपण विचारायचे असतात. गरम पाणी किती वाजेपर्यंत, नाश्ता धरून का, वगैरे. आल्प्समधल्या हटमध्ये, म्हणजे डोंगरावरच्या मुक्कामाच्या घरात, रात्र काढायची तर प्रश्न हट विचारते. गिर्यारोहकांच्या क्लबचे सभासद किती? मुलं किती? शाकाहारी किती? वाटाड्या बरोबर आहे का?

"पैसे आपण द्यायचे आणि मुलाखतही आपणच द्यायची?" सासरे म्हणाले.

ते आणि सासूबाई उन्हाळ्यात पुण्याहून आमच्याकडे झुरिकला आलेले. सासरे रोज सकाळी पर्वती चढणारे, त्यामुळे आगगाडीत बसून डोंगरावर जाणं त्यांना कमीपणाचं वाटतं. मी कांदेरश्टेगजवळची ब्ल्यूमलिसाल्प हट सुचवली. उंची सुमारे 2840 मीटर. गोंडोला, म्हणजे दोरावरचा पाळणा, आपल्याला सोडतो ती जागाच 1682 मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही वर.

"म्हणजे कळसूबाई बसून करायची?"

"हो. मग जरा खाली तळ्याकाठी उतरायचं आणि तिथून सव्वा हजार मीटर चढायचं."

हे त्यांना पटलं. सासूबाईंनी फक्त एक सुस्कारा सोडला. तो ऐकूनच मी बुकिंग उघडलं.

शनिवार भरलेले. पुढचे शनिवारही भरलेले. या हट साधारण जूनअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत उघड्या असतात आणि तेवढ्यात सगळ्या स्वित्झर्लंडला डोंगर आठवतो. मिळाला तो रविवार. आता रविवारी रात्री मुक्काम म्हणजे सोमवारी सकाळी तिथेच उठणं आलं, आणि तो सोमवार श्रावणातला निघाला. ते संकट नंतर पाहू म्हणून मी आधी झोपण्याकडे वळलो.

"खोली कितव्या मजल्यावर?" सासूबाईंनी विचारलं.

खोली नसते. एकीला लागून एक गाद्या असतात आणि त्यावर ओळीनं माणसं.

"शेजारी कोण?"

"जे येतील ते."

"म्हणजे लग्नाचं कार्यालय!" सासरे एकदम खूश. "फक्त नवरा-नवरी नाहीत."

मग आमचा अर्धा तास कोण कुणाच्या कडेला यावरच गेला. भिंतीकडे सासूबाई, मग बायको, मग मुलगी, मग मी, आणि परक्या घोरणाऱ्यांच्या सीमेवर सासरे, कारण त्या आघाडीवर ते कुणालाही हार जाणार नाहीत. पांघरूण हटचं असलं तरी आपली पातळ पिशवी न्यावीच लागते, त्यात शिरून झोपायचं. रेशमी पिशवीची इथली किंमत ऐकल्यावर सासूबाईंनी जुनी सुती साडी काढली आणि दुपारभरात पिशवी शिवून टाकली. काठ गळ्याशी येतील अशी. मला विचाराल तर बाजारातल्या एकाही पिशवीला तो थाट नाही.

बाकीच्या अटी भराभर ऐकवल्या. आंघोळ नाही. बूट दाराशी काढायचे, आतल्या चपला हटच्याच. कचरा आपला आपण खाली न्यायचा. दहाला दिवे बंद, आणि शिखरावर जाणारे पहाटे तीन-चारला खुडबूड करत उठणार. पाणी वितळलेल्या बर्फाचं, तेही मोजकं. बाकी बहुतेक सामान हेलिकॉप्टरनं येतं, म्हणून बाटलीला तसे पैसे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले सासरे यावर गंभीर झाले. "एवढा बर्फ उशाशी आणि पाणी विकत? नियोजन नाही यांच्याकडे."

शेवटी मी हट सांभाळणाऱ्या बाईंना फोन लावला. रात्रीचं जेवण साडेसहाच्या सुमारास, सगळ्यांना एकच. शाकाहारी म्हणजे बहुधा आल्प्लरमाग्रोनेन: मॅकरोनी, बटाटा, साय, चीज, वर तळलेला कांदा आणि शेजारी सफरचंदाचा गर.

"कांदा वेगळा ठेवाल? चातुर्मास आहे."

त्यांनी चातुर्मासाची चौकशी न करता कांदा वेगळा लिहून घेतला. मला या बाई आवडल्या.

"आणि सोमवारी सकाळी आमच्यातल्या एकीचा उपास आहे. पाव चालत नाही."

"मग काय चालतं?"

"दूध, फळं, दाणे… बटाटा."

"उकडलेला बटाटा? त्यात काय अवघड आहे! किती जणांना?"

मी फोनवर हात ठेवून मागे वळलो. उपास फक्त सासूबाईंचा. पण बटाटा ऐकून सासऱ्यांनी हात वर केला होता. मग मुलीनं केला, आणि जन्मात श्रावणी सोमवार न धरलेल्या माझ्या बायकोनंही.

"चार," मी म्हणालो. "थांबा, पाच. आणि तिखट आम्ही घेऊन येतो."