आधी अभ्यासिका, मग सभागृह

कॉलेजचा नवा कॅम्पस कसा असावा, यावरच्या एका लेखात स्मार्ट क्लासरूम आणि मोठं सभागृह हवं, असं म्हटलंय. ठीक आहे. पण दोन लेक्चरच्या मधला वेळ पोरांनी काढायचा कुठे? माझी मुलगी नवी मुंबईत शिकते (कॉलेजचं नाव घेत नाही). वाचनालय पाचला बंद, मग जिन्यात लॅपटॉप मांडीवर आणि एकाच प्लगवर तिघांची भांडणं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या चौथ्या वर्षात संशोधन आणलं, त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. गुण मिळवतील हो, पण गटाने मोठ्याने चर्चा करायला खोली आणि एकट्याला शांत कोपरा, हे दोन्ही नकाशात वेगवेगळं दाखवा. नाहीतर ग्रंथपालच सगळ्यांना गप्प करत बसणार. सभागृह काय, सत्कारापुरतं उघडतं! आधी रात्री नऊपर्यंत चालणारी अभ्यासिका द्या, स्टेशनपर्यंत शेवटच्या बससकट.