भरतीच्या वेळी येऊन गेलेला डिझायनर

मागच्या आठवड्यात कॉलेजच्या मुलांनी विचारलं, “सर, तुम्हाला डिझाइनची प्रेरणा कुठून मिळते?” मी समुद्र, सूर्यास्त असं काहीबाही सांगून सुटलो. रत्नागिरीत राहतो म्हटलं की लोकांना तेच ऐकायचं असतं. घरी आल्यावर लाज वाटली, म्हणून हे लिहितोय.

पाच-सहा वर्षांपूर्वी काकांच्या हापूससाठी खोका केला होता. जाड पुठ्ठा, वर कातळशिल्पांची नक्षी, चकचकीत लॅमिनेशन. हवेला भोकं दोनच, कारण जास्त पाडली तर नक्षी बिघडत होती! पुण्याला पोचेस्तोवर आंब्यांना घाम सुटला, दोन डझनांतले सात काळे पडले. उरलेल्या खोक्यांना काकीने विळ्याच्या टोकाने भोकं पाडली, थेट नक्षीतून. “दिसायला बराय रे तुझा खोका, पण आत आंबा गुदमरतो त्याचं काय?”

मग मी आठवडाभर बागेत नुसता उभा राहिलो. मान आखडली. आंबे उतरवायचा साधा झेला तुम्ही पाहिला असेल: बांबू, टोकाला कडी, खाली जाळी. हिसका दिला की आंबा पुष्कळदा देठातूनच सुटतो, चीक सालीवर ओघळतो आणि तिथे डाग पडतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘नूतन झेला’ काढला, त्यात देठ कापायला पातं आहे. आंबा देठासकट जाळीत उतरतो. एवढंच. एका पात्यात मोसमाचा भाव वाचतो.

डिझाइन शिकलेल्यांना लोट्याची, म्हणजे आपल्या पाण्याच्या तांब्याची, गोष्ट पाठ असते. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने भारत सरकारसाठी लिहिलेल्या १९५८ च्या अहवालात आपल्या लोट्याचं कौतुक केलं, त्याच अहवालातून १९६१ मध्ये अहमदाबादला एनआयडी ही राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. लोटा कुणा एकाने घडवला नाही, पिढ्यान्‌पिढ्या हातांनी घडला, हे त्यांनी ओळखलं. आपण मात्र त्यातून लोट्याचे पोस्टर काढायला शिकलो. (मीसुद्धा काढलंय एक.)

समाजासाठी डिझाइन म्हणजे काय, हे बघायचं तर आमच्या जवळच्या जेटीवर या. पायऱ्या छान आहेत, कठडाही आहे. पण ओहोटीला होडी शेवटच्या पायरीच्या कंबरभर खाली असते. मासळीची पाटी खालून दोघांनी वर ढकलायची, वरच्या बाईने गुडघे टेकून ओढायची, आणि पायरीवर शेवाळ. ज्याने आराखडा काढला तो भरतीच्या वेळी येऊन गेला असणार. रागवायला माणूस सापडत नाही, पण त्या बायकांचे गुडघे दिसतात मला, रोज. सूर्यास्तापेक्षा ते जास्त काम करून घेतात माझ्याकडून.

त्या मुलांना निरोप धाडलाय: रविवारी ओहोटीला जेटीवर या, मोजपट्टी घेऊन. वेळ विचारलीत तर सांगणार नाही. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, भरती किती वाजता ते कळेल. त्यावरून पुढचं तुम्ही काढा.